ऑक्युलस रिफ्टचा जुना डीके१ मिळतोय, घेऊ का? (कोल्हापूर)

रंकाळा_कट्टा
मंडळी, राजारामपुरीत एक ओळखीचा दादा आहे, आधी बेंगळुरूला गेम कंपनीत होता, आता घरनंच काम करतोय. त्याच्याकडं ऑक्युलस रिफ्टचा (डोळ्यांवर लावून थ्रीडी जग बघायचा व्हीआर हेडसेट) पहिला डेव्हलपर किट, डीके१, पेटीसकट पडून आहे. चार हजार म्हणतोय. माझं शेवटचं वर्ष चाललंय आणि प्रोजेक्टला पन्हाळ्याचा अंबरखाना (गडावरची धान्याची कोठारं) थ्रीडीत उभा करायचाय, म्हंजे डोक्याला लावून आत फिरता आलं पायजे. लॅपटॉप विंडोज ११ आहे पण ग्राफिक्स कार्ड जुनंच. पोरं म्हणायल्यात भंगार आहे ते, मोबाईल घालायचा पुठ्ठ्याचा डबा घे आणि गप बस. कुणी वापरलाय का? आणि गरगरतंय म्हणतात ते कितपत खरं?

पिक्सेल_पैलवान
घे की भावा, पण एक ध्यानात ठेव, ही वस्तू गिऱ्हाइकासाठी नव्हतीच. २०१२ ला किकस्टार्टरवर (लोकांकडनं आधीच पैसे जमवायची वेबसाइट) अडीच लाख डॉलर मागितले, जमले २४ लाखांच्या वर, आणि २०१३ च्या मार्चपासनं किट जायला लागले, ३०० डॉलरला एक, ते पण प्रोग्रॅमवाल्यांनी आधीपासनं गेम तयार करून ठेवावेत म्हणून. आत ७ इंची एलसीडी आहे, १२८० बाय ८००, म्हंजे एका डोळ्याच्या वाट्याला ६४० बाय ८००, आणि भिंगानं ते एवढं मोठं होतंय की पिक्सेलच्या मधल्या काळ्या रेघा दिसतात, मच्छरदाणीतनं बघितल्यासारखं. दगडाचं टेक्श्चर कितीपण भारी कर, दिसणार धुरकटच. पण आत उभारून मान वर केली की छप्पर किती उंच आहे ते जे अंगावर येतंय ना, ते मॉनिटरवर नाही येत.

अधिकृत सॉफ्टवेअरच्या नादाला लागू नको, २०१६ ला गिऱ्हाइकांचा रिफ्ट आला तेव्हाच्या १.३ रनटाइममध्ये (हेडसेट चालवणारं सॉफ्टवेअर) डीके१ ला काढून टाकलाय. पण त्यानं काय अडत नाही. कॉम्प्युटरला हा नुसता दुसरा मॉनिटर वाटतो, एचडीएमआय लावायची आणि डाव्या अर्ध्यात डाव्या डोळ्याचं चित्र, उजव्यात उजव्याचं. डोकं कुठं वळलं ते यूएसबीतनं येतं, ओपनएचएमडी नावाची फुकट लायब्ररी ते वाचून देते. भिंग चित्राच्या कडा बाहेर ताणतंय, म्हणून आपण शेडरमध्ये (ग्राफिक्स कार्डावर चित्र काढणारा छोटा प्रोग्रॅम) चित्र आधीच त्याच्या विरुद्ध, पिंपासारखं फुगवून काढायचं, मग भिंगातनं सरळ दिसतं. हा शेडर स्वतः लिही, व्हायवाला निम्मा वेळ यावरच जाईल. आणि २०१४ ला ऑक्युलसवाल्यांनीच फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर), सर्किटची ड्रॉइंगं सगळं खुलं केलंय.

चष्मा_बहाद्दर
लेन्सच्या तिन्ही जोड्या आहेत का बघ, ए बी सी. ए साध्या नजरेला, बी आणि सी लांबचं न दिसणाऱ्यांसाठी. माझा नंबर मोठा आहे, सी लावून चष्म्याशिवाय चालून जातंय. बाजूचे स्क्रू नाण्यानं फिरवले की स्क्रीन पुढंमागं होतो. लेन्सवर चरे असतील तर सरळ उठून ये.

उद्यमनगर_शेड
गरगरतंय, खरं आहे. कारण डोकं वळलेलं त्याला कळतं, पुढं वाकलेलं कळत नाही. तू कमानीजवळ जाऊन बघायला वाकणार आणि कमान तेवढीच लांब राहणार, कान सांगतोय हाललो, डोळा सांगतोय नाही, झालं मळमळायला सुरू. त्यात एलसीडी मंद, मान फिरवली की चित्र फरफटतंय. डीके२ ला (२०१४ चा जुलै, ३५० डॉलर) या दोन्हीवर इलाज केला, समोर कॅमेरा ठेवून डोक्याची जागा मोजली आणि ओएलईडी टाकला ७५ हर्ट्झचा. मिळाला तर तोच घे, पण आपल्याकडं मिळायचा कुठनं.

आणखी एक, आमच्या शेडमध्ये लावला तर जग आपोआप हळूहळू एका बाजूला सरकायला लागलं. गायरोची (डोकं किती वळलं ते मोजणारा सेन्सर) चूक जमत जाते, वरखालची चूक गुरुत्वाकर्षणावरनं सुधारता येते पण डावंउजवं सुधारायला आत होकायंत्रासारखा मॅग्नेटोमीटर आहे, आणि चारीबाजूला लेथ आणि कास्टिंगचा ढीग असल्यावर तो बिचारा काय करणार. कॉलेजच्या वर्कशॉपशेजारी डेमो ठेवू नको.

कसबा_बावडा_०९
सगळे हौसेनं सांगायल्यात पण चार हजार लई झाले. त्यात थोडी भर घाल आणि वापरलेला नवा हेडसेट बघ, वायरपण नाही, खोलीत चालता येतंय.

पिक्सेल_पैलवान
@कसबा_बावडा_०९ थोडी भर म्हंजे किती ते पण सांग की 😄 आणि नव्यात भिंगानं ताणलेलं चित्र सरळ करणं वगैरे सगळं आतच होऊन येतं, पोरानं केलं काय मग? खेळायचं असतं तर तुझंच बरोबर होतं.

रंकाळा_कट्टा
आज बघून आलो. तिन्ही जोड्या आहेत, पण ५ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर गायब आणि कपाळाजवळचा फोम सुटलाय. अडीच हजारावर आलाय दादा. गंगा, यमुना, सरस्वती तिन्ही कोठ्या करणार होतो, आता फक्त गंगा कोठी करतो. जॉयस्टिकनं चालवलं तर जास्त गरगरेल ना?

उद्यमनगर_शेड
हो. चालवूच नको, चारपाच जागा ठरव आणि बटण दाबलं की अंधार करून पुढच्या जागी उभा कर. आणि मान वळताना डोळे मानेच्या पुढं असतात तेवढा हिशोब कॅमेऱ्यात धर, नाहीतर डोळे मणक्यावर बसवल्यासारखं वाटतंय. अ‍ॅडॅप्टर घेताना पिनची जाडी आणि पोलॅरिटी बघून घे, हेडसेटच्या वायरी जोडायचा जुना कंट्रोल बॉक्स जळला तर दुसरा मिळणार नाही.