सणाचं ताट आणि घरातली वडीलधारी माणसं : तुमचे अनुभव लिहा

मागच्या वर्षी गौरी जेवणाला सगळ्यांच्या पानात पुरणपोळी वाढली आणि माझ्या ८२ वर्षांच्या बाबांपुढे मऊ भात नि बिनफोडणीचं वरण ठेवलं. त्यांना मधुमेह, शिवाय कवळी. बोलले काहीच नाहीत. पण एकेकाळी तिसऱ्या पोळीनंतर "अर्धी अजून" म्हणणारे बाबा भात चिवडत बसले आणि सगळ्यांच्या आधी हात धुवायला उठले. ते अजून मनातून जात नाही. पथ्यही सांभाळलं जाईल आणि माणूस पंगतीतून बाजूलाही पडणार नाही, असं तुम्ही काय करता? सविस्तर लिहा, साध्या गोष्टीही चालतील.

पुण्याहून
आईला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली, पण पुरणपोळी बंद केली नाही. डाळ एक वाटी असेल तर गूळ अर्धी वाटी, वेलची-जायफळ सढळ हातानं. पोळी पुरीएवढी लाटायची. त्या दिवशी तिच्या पानात भात नसतो. आधी काकडीची कोशिंबीर आणि कटाची आमटी, मग पोळी, वर चमचाभर तूप. आणि एक कळकळीनं सांगते, "गूळ चालतो" असं म्हणून दुप्पट वाढू नका. गुळानंही रक्तातली साखर जवळपास साखरेइतकीच वाढते.

रत्नागिरीहून
ऋषिपंचमीची भाजी म्हाताऱ्या माणसांसाठीच कुणीतरी योजली असावी असं मला दरवर्षी वाटतं. तेल नाही, फोडणी नाही. अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे; चव येते ती चिंचेचा कोळ, हिरवी मिरची आणि ओल्या खोबऱ्यानं. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून गिळताना ठसका लागायचा, म्हणून त्यांना काय द्यावं हा प्रश्नच होता. सासूबाईंनी तोड काढली. हाताला चिंच चोळून त्या पाटावर बसतात आणि अळूच्या देठांची साल दोऱ्यासारखी ओढून काढतात, एकही रेषा राहू देत नाहीत. कणीस त्यांच्यासाठी किसणीवर किसतात. सगळं इतकं शिजवतात की पळीनं नुसतं दाबलं तरी एकजीव होतं. भाजी दाटच ठेवायची, कारण पातळ रस त्यांच्या चटकन श्वासात जातो. हे आम्हाला गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं. ताठ बसवून, छोट्या चमच्यानं, एक घास पूर्ण उतरला की पुढचा. अर्धा तास लागतो. पण भाजी तीच, सगळ्यांच्या पानातली.

नाशिकहून
वरची भाजी वाचून तोंडाला पाणी सुटलं, पण किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. माझ्या वडिलांना पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलंय, आणि पालेभाज्या, सुरण, बटाटा, शहाळं या सगळ्यांत ते असतं. आम्ही बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडतो आणि ते पाणी फेकून देतो. त्यानं पोटॅशियम बरंच कमी होतं, तरी खायचं बेतानंच. अजून एक : कमी सोडियमचं मीठ आणलं होतं, "आरोग्याला चांगलं" म्हणून. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. आहारतज्ज्ञांनी वेळीच थांबवलं.

कोल्हापूरहून
संक्रांतीला चिक्कीच्या गुळाची वडी चावताना आजीची कवळी मोडली. तेव्हापासून तीळ भाजून, कुटून, साध्या गुळात मऊ लाडू. बोटांनी दाबला की फुटला पाहिजे.

ठाण्याहून
उपवासाचं लिहिते. आई मधुमेहाची गोळी घेऊन संकष्टी करायची आणि चंद्रोदय रात्री नऊनंतर. एकदा आठच्या सुमारास घामानं थबथबली, असंबद्ध बोलायला लागली. शुद्धीवर होती म्हणून तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांत सावरली. आता उपवासाच्या गोळ्यांचं डॉक्टरांनी ठरवून दिलंय. दुपारी दुधात राजगिऱ्याच्या लाह्या, संध्याकाळी भगर आणि ताक. साबुदाणा जवळजवळ नुसता पिष्टच, त्यामुळे तो फक्त चार घास, चवीपुरता. चंद्राला अर्घ्य मात्र तीच देते, गॅलरीत खुर्ची टाकून.

धागा काढणारी
सगळ्यांचे खूप आभार. पुरीएवढ्या पोळीचं बाबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "जायफळ मी किसून देतो." उद्या अर्धी वाटी डाळ शिजवून करून बघणार आहे. कवळीसाठी पोळी दुधात भिजवावी की तुपावर मऊ राहते, कुणी केलं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.