मुलीचा खालचा जबडा पुढे आहे. आत्ताच उपचार करावेत की थांबावं?

चिमणीची_आई:
मुलगी 8 वर्षांची आहे. तोंड मिटलं की खालचे पटाशीचे दात वरच्यांच्या पुढे येतात. पुढच्या दातांनी घास तुटतच नाही, तोंड वाकडं करून दाढेनं तोडते. दुधाचे दात पडले की सुधारेल म्हणून थांबलो, पण वरचे पक्के दातही मागेच आले. ऑर्थोडॉन्टिस्ट (दात-जबड्यांची ठेवण सुधारणारे डॉक्टर) म्हणतात, वरचा जबडा मागे राहिलाय. टाळूला एक्सपान्डर (टाळू हळूहळू रुंद करणारं उपकरण) आणि रोज 12 ते 14 तास फेसमास्क (कपाळ-हनुवटीवर टेकून वरचा जबडा रबरांनी पुढे ओढणारी चौकट) लावायचा. घरचे म्हणतात, सगळे दात आल्यावर तारा बसवू. आजोबांची हनुवटीही तशीच आहे, त्यांचं काय अडलं? रात्रभर ते सगळं तोंडावर बांधायचं, या विचारानंच माझा जीव कासावीस होतो.

रानजाई:
ताई, थांबू नका. माझ्या मुलाला साडेसातव्या वर्षी लावला. एक्सपान्डरची किल्ली रोज रात्री मीच फिरवायचे. आठवड्याभरात वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडली आणि मी घाबरून फोन केला. टाळूचा सांधा उघडतोय, फट आपोआप भरेल, असं कळलं, आणि भरली. हनुवटी लाल व्हायची, तिथे मऊ सुती कापड ठेवायचो. शाळेत मास्क कधीच नेला नाही. संध्याकाळी लावायचा तो सकाळी काढायचा. नवव्या महिन्यात वरचे दात पुढे आले. त्या दिवशी मी रडले.
आता तो 13 चा आहे. दर सहा महिन्यांनी दाखवतो, कारण खालचा जबडा अजून वाढतोय. पुढे शस्त्रक्रिया लागूही शकते, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दंतवैद्य_मी:
वरच्या जबड्याचे सांधे वयाबरोबर घट्ट होत जातात. साधारण दहाव्या वर्षाआधी ओढ दिली तर हाड पुढे येतं. नंतर बरेचदा फक्त दात सरकतात. आजोबांच्या हनुवटीचं डॉक्टरांना जरूर सांगा. हा दोष घराण्यात चालतो आणि खालचा जबडा पुढे किती वाढेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. आणखी एक बघा: जबडा सैल सोडून हळूच मिटला तर पुढच्या दातांच्या कडा एकमेकींवर टेकतात का? टेकून मग जबडा पुढे घसरत असेल, तर सुधारणा सहसा सोपी जाते.

चिमणीची_आई:
आत्ताच आरशासमोर करून पाहिलं. कडा टेकतात, मग जबडा पुढे सरकतो! सोमवारी जातोय, आजोबांनाही सोबत नेते.