लोरेटा लिन एवढी मोठी गायिका नेमकी झाली कशी?

परळची_पोर:
मंडळी, इथे अमेरिकेतलं कंट्री म्युझिक ऐकणारं कोणी आहे का? लोकलमध्ये जाता-येता सध्या लोरेटा लिनच ऐकतेय आणि तिच्याबद्दल जे काय वाचलं त्याने डोकं चक्रावलंय. कोळशाच्या खाणीत राबणाऱ्याची मुलगी, 13व्या वर्षी लग्न, विशीतच चार पोरं आणि गिटार हातात आली ती त्यानंतर. हे खरंच असं झालं का मागाहून रंगवलंय? विचारतेय ते माझ्या ताईसाठी. लालबागच्या भजनी मंडळात ती गायला लागली की माणसं जिन्यात थांबून ऐकतात, स्वतः गाणी लिहिते पण कोणाला दाखवत नाही, पोरं झाली आता काय व्हायचंय म्हणते. तिला खरी गोष्ट सांगायचीये, ऐकीव नको. सुरुवात कशी झाली, मदत कोणी केली, प्लीज सविस्तर लिहा.

जुनी_रेकॉर्ड:
आधी लग्नाचं सांगतो, कारण तो घोळ फार वर्षं चालला. तिच्या 1976च्या आत्मचरित्रामुळे 13 हा आकडा सगळीकडे पसरला. 2012 मध्ये मूळ कागदपत्रं पुढे आली, जन्म 14 एप्रिल 1932 आणि लग्न जानेवारी 1948, म्हणजे पंधरा पूर्ण. तरी पोरवयच ते. बाकीची गोष्ट खरी आहे. केंटकीच्या डोंगरातलं बुचर हॉलर, आठ भावंडांत ही दुसरी, वडील टेड वेब खाणीत. घरी बॅटरीवरचा रेडिओ होता, त्यावर शनिवारी रात्री नॅशव्हिलचा ग्रँड ओल ऑप्री हा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. लग्नानंतर नवरा तिला घेऊन गेला थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी. त्याला सगळे डूलिटल म्हणायचे. घरात ती गुणगुणायची ते त्याने ऐकलं आणि 17 डॉलरची हार्मनी कंपनीची गिटार आणून दिली. शिकवायला कोणी नाही, हिने आपली आपणच बोटं बसवली. लोकांसमोर गायचं म्हटलं की घाबरायची, तरी त्याने क्लबमध्ये उभी केलीच.

दादर_ते_नॅशव्हिल:
खरी मजा तर पुढे आहे!! 1960 मध्ये झीरो रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने लॉस एंजेलिसला तिचं गाणं रेकॉर्ड केलं, आय अ‍ॅम अ हॉन्की टॉन्क गर्ल, तिने स्वतः लिहिलेलं. जाहिरातीला पैसा नव्हता म्हणून दोघांनी रेकॉर्ड पाकिटात घालून, सोबत तिचा फोटो टाकून, रेडिओ स्टेशनांना पोस्टाने पाठवल्या आणि मग गाडी काढून निघाले. रस्त्यात रेडिओ स्टेशन दिसलं की थांबायचं, आत जायचं, निवेदकाला गाठायचं, आमची रेकॉर्ड तुमच्याकडे आलीये ती एकदा लावा म्हणून मागे लागायचं, नाही म्हणाला तरी हलायचं नाही, मग परत गाडीत बसून सँडविच खायचं, रात्री गाडीतच झोपायचं आणि सकाळी पुढचं स्टेशन. असं करत करत ते गाणं बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत 14व्या नंबरला गेलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये ती ऑप्रीच्या स्टेजवर होती. ज्या ऑप्रीसाठी लहानपणी रेडिओला कान लावून बसायची तिथेच! माझ्यासाठी तिच्या अख्ख्या करिअरमधला सगळ्यात मोठा भाग हाच आहे.

वसुधा_माहीम:
नवऱ्याचं कौतुक जरा बेतानं करा हो. गिटार त्याने दिली, हिंडवलं त्याने, कबूल, पण दारू आणि बाहेरच्या भानगडी पण त्याच्याच, आणि हिने ते झाकून ठेवलं नाही, गाण्यातच घातलं. डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन हे तिचं पहिलं नंबर वन गाणं, 1967 साल, पिऊन घरी येऊन लाडात यायचं नाही असं नवऱ्याला ठणकावणारं. 1975चं द पिल गर्भनिरोधक गोळ्यांवर, बऱ्याच रेडिओ स्टेशनांनी लावायला नकार दिला तरी बायकांनी उचलून धरलं. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांमध्ये बायका सासर-माहेर, नवरा सगळं बोलायच्या, तेच हिने माइकसमोर केलं. 1972 ला कंट्री म्युझिक असोसिएशनचा एंटरटेनर ऑफ द इयर हा मान मिळालेली ती पहिली बाई. आणि मदतीचं म्हणशील तर पॅट्सी क्लाइनचं नाव घ्यायलाच हवं. 1961 मध्ये पॅट्सी अपघात होऊन हॉस्पिटलमध्ये होती, लोरेटाने रेडिओवर तिच्यासाठी तिचंच गाणं म्हटलं, ते ऐकून पॅट्सीने तिला बोलावून घेतलं. तेव्हा पॅट्सी स्टार होती आणि ही नवखी, पण तिने बहिणीसारखं सांभाळलं. 1963 ला विमान अपघातात पॅट्सी गेली.

परळची_पोर:
वसुधाताई, हे सगळं ताईला वाचून दाखवणार आहे. तिला इंग्लिश गाणी पटकन कळत नाहीत, सुरुवात कुठून करू?

जुनी_रेकॉर्ड:
कोल मायनर्स डॉटरपासून, 1970चं आहे. वडील रात्रभर खाणीत, आईची कपडे घासून घासून रक्ताळलेली बोटं, पोरं उन्हाळाभर अनवाणी, असं साधं सरळ लिहिलंय, तू एकदा अर्थ सांगितलास तरी पुरे. तिने याची बरीच जास्त कडवी लिहिली होती, निर्माता ओवेन ब्रॅडलीने गाणं फार लांबतंय म्हणून काही कापायला लावली.

वसुधा_माहीम:
आणि ताई तयार असेल तर तिचं एखादं गाणं इथे टाक, चालीत रेकॉर्ड करून. मला खरंच ऐकायचंय.