मदत हवी आहे: ‘कँबायसिसचा न्याय’ हे चित्र कसं वाचायचं?

नमस्कार मंडळी. बेल्जियममधल्या ब्रुज शहराच्या नगरभवनात न्यायनिवाडा करणाऱ्यांसमोर लावण्यासाठी चित्रकार गेरार्ड डेव्हिडने 1498 मध्ये पूर्ण केलेल्या या जोडचित्रावर मला आमच्या वाचनमंडळात बोलायचंय. आता ते तिथल्याच ग्रोनिंग संग्रहालयात आहे.

गोष्ट प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची. लाचखाऊ न्यायाधीश सिसाम्नेसची कातडी सोलून पर्शियाचा राजा कँबायसिस ती न्यायासनावर अंथरतो आणि त्यावर सिसाम्नेसच्याच मुलाला न्यायाधीश म्हणून बसवतो. डाव्या चित्रात मागे, दारात लाचेची थैली दिसते. उजवीकडे एक जण दातांत सुरी धरून पायाची कातडी ओढतोय, कडेने उभ्या प्रतिष्ठितांच्या चेहऱ्यांवर मात्र रेषही हलत नाही. (जेवणाआधी झूम करू नका!)

मी अडलोय ते इथे: हा न्यायाधीशांना दिलेला धाक, की राजसत्तेची दहशत? 1488 मध्ये याच शहराने आपल्यावर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियनला कैदेत ठेवलं होतं, आणि चित्रात न्यायासनाच्या वर त्याच्या मुलाचं, फिलिपचं राजचिन्ह आहे. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. कलेतिहासवाल्यांचं काय मत? मराठीत यावर काही वाचण्यासारखं असेल तर तेही सांगा. कार्यक्रम रविवारी आहे.