भूल, बधिर की सुन्न?

प्रश्न

दात काढण्याआधी किंवा टाके घालण्याआधी जे इंजेक्शन देतात, त्याला मराठीत ‘भूल देणं’ म्हणावं की ‘बधिर करणं’? रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतोय. मूळ शब्द लोकल ॲनेस्थेशिया. परिभाषेत ‘स्थानिक संवेदनाहरण’ सापडलं, पण खुर्चीत बसलेल्या घाबरलेल्या माणसाला ते वाचून काय कळणार?

प्रतिसाद

बधिर करणं. भूल दिली की माणूस झोपतो, बधिर केलं की जागा असतो. विषय संपला.

प्रतिसाद

इतक्यात कसा संपेल! ‘भूल’ आली भुलण्यातून. भान सुटणं, मोहून जाणं, विसर पडणं. चूकभूल, भुलवणं, भूलथापा, सगळीकडे भुलतं ते मन. १८४६ साली शस्त्रक्रियेसाठी ईथर हुंगवण्याचा जो जाहीर प्रयोग झाला त्यात रुग्णाची शुद्धच घालवली होती, आणि त्या प्रकाराला ‘भूल’ चपखल बसतो. जागेपुरतं औषध त्यानंतर बरंच उशिरा आलं. १८८४ मध्ये कार्ल कोलर या व्हिएन्नातल्या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब डोळ्यात घालून डोळा बधिर होतो हे दाखवलं. म्हणजे ‘स्थानिक भूल’ या जोडशब्दात खरं तर भांडण आहे. मन टक्क जागं, आणि भूल कुणाला पडली, तर दाढेला!

‘बधिर’चं तरी काय? संस्कृतात बधिर म्हणजे बहिरा. कर्णबधिर, मूकबधिर यांत तो अर्थ अजून शाबूत आहे. मराठीने तो त्वचेला लावला आणि ‘हात बधिर झाला’ म्हणताना आता कुणाला कान आठवत नाही. ‘सुन्न’ मात्र मी माहितीपत्रकात घेणार नाही. हात सुन्न पडतो तसा माणूस बातमी ऐकूनही सुन्न होतो.

प्रतिसाद

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे थोडं लांबवते.

औषध करतं काय ते पाहिलं की शब्द तपासणं सोपं जातं. मज्जातंतूतून वेदनेचा संदेश जातो तो विद्युतलहरीच्या रूपात. ही लहर पुढे सरकायची तर तंतूच्या आवरणातली सोडियमची चॅनेल उघडून सोडियम आत शिरावं लागतं. लिग्नोकेन, बुपिव्हाकेन ही औषधं नेमकी ती चॅनेल अडवतात, आणि तीही आतल्या बाजूने. आधी आवरण ओलांडायचं, मग आतून जाऊन बसायचं. ओलांडू शकतं ते विद्युतभार नसलेलं रूप आणि चॅनेलमध्ये मुख्यतः बसतं ते भारित रूप. शरीराच्या ७.४ सामूला (सामू म्हणजे पीएच, आम्लतेचं माप) लिग्नोकेनचा साधारण पाव हिस्सा भाररहित असतो, म्हणून ते चटकन लागू पडतं. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, हा हिस्सा घटतो, आणि ‘इंजेक्शन देऊनही दुखतंय’ अशी तक्रार येते. ती खरी असते. रुग्ण नाटक करत नसतो.

आता ‘बधिर’कडे. काखेत मज्जातंतूंभोवती औषध दिलं तर तळहाताच्या त्वचेला काहीच झालेलं नसतं. तिला टोचलेलं समजतं, संदेशही निघतो, फक्त काखेपाशी अडतो. काटेकोर बोलायचं तर तो मज्जातंतू बहिरा नाही, मुका झालेला असतो. पण ‘हात मुका केला’ असं म्हणायला लागलो तर माझ्याकडे कुणी येणार नाही, तेव्हा बधिरच राहू दे.

माझी खरी अडचण वेगळी आहे. शब्दावरून रुग्ण अपेक्षा बांधतो. ‘भूल देणार’ म्हटलं की तो विचारतो, मी परत उठेन ना? ‘बधिर करणार’ म्हटलं की त्याला वाटतं, आता काहीच कळणार नाही. दोन्ही चूक. वेदना आणि उष्ण-थंड यांचे संदेश नेणारे बारीक तंतू साधारणपणे आधी थांबतात, स्पर्श नंतर, स्नायूंची हालचाल सर्वांत शेवटी. त्यामुळे दाढ काढताना दुखत नाही, पण दाबल्याचं, ओढल्याचं कळतं. आधी सांगितलेलं नसेल तर त्या ओढीलाच रुग्ण ‘दुखतंय’ म्हणतो आणि औषध लागलं नाही असं धरून चालतो. प्रसूतीच्या कळांसाठी एपिड्युरल, म्हणजे पाठीतून औषध, देतो तेव्हा तर हाच फरक आम्ही मुद्दाम वापरतो. बुपिव्हाकेन अगदी सौम्य प्रमाणात दिलं की कळा सोसवतात आणि पायही हलवता येतात. म्हणून माझं मत: वेदना आणि संवेदना हे दोन शब्द मराठीत वेगळे आहेत, तर ते वेगळेच वापरा. ‘संवेदना जाईल’ असं छापू नका, ‘वेदना होणार नाही’ असं छापा.

प्रश्नकर्त्याकडून

हे फार कामाचं आहे. मग पाठीतलं इंजेक्शन कशात मोडतं? माहितीपत्रकात त्याला लोकल म्हटलेलं नाही, औषध मात्र तेच दिसतंय.

प्रतिसाद

औषध त्याच गटातलं, जागा वेगळी. त्वचेखाली टोचलं तर तेवढीच जागा, एखाद्या मोठ्या मज्जातंतूभोवती दिलं तर अख्खा हात, मणक्यातल्या पाण्यात दिलं तर कमरेखालचं सगळं. हा शेवटचा प्रकार जर्मन शल्यचिकित्सक आउगुस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये कोकेन वापरून केला. परिभाषेत ‘प्रादेशिक भूल’ असतं, पण लोक ‘कमरेखालची भूल’ म्हणतात आणि ते उत्तम आहे. त्यात कुठे आणि किती हे दोन्ही येतं.

प्रतिसाद

एक शंका. सगळ्यांच्या शेवटी ‘केन’ का? ही सगळी कोकेनची भावंडं का? आमच्या घरी यावरून धास्ती आहे.

प्रतिसाद

कोका या झाडावरून कोकेन. त्यातलं शेपूट तोडून ते नव्या औषधांना लावायची रीत पडली. १९०५ च्या सुमारास वापरात आलेलं प्रोकेन, १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेलं लिडोकेन, ही प्रयोगशाळेत बनलेली औषधं आहेत. त्यांत कोकेन नसतं आणि त्यांचं व्यसन लागत नाही. लिग्नोकेन आणि लिडोकेन ही एकाच औषधाची दोन नावं, झायलोकेन हे त्याचंच व्यापारी नाव. पत्रकात एकच नाव ठेवा, नाहीतर लोक तीन औषधं समजतात.

प्रतिसाद (भूलतज्ज्ञ)

धास्तीवरून आठवलं. ‘मला भुलीची ॲलर्जी आहे’ हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. लिग्नोकेनच्या गटाची खरी ॲलर्जी अतिशय विरळा. बहुतेकदा सुईच्या भीतीने आलेली भोवळ असते किंवा औषधात मिसळलेल्या ॲड्रेनालिनमुळे झालेली धडधड. ॲड्रेनालिन रक्तवाहिन्या आकसवतं, औषध जागेवर जास्त वेळ टिकतं. म्हणूनच लिग्नोकेनची मात्रा नुसती असेल तर किलोमागे ३ मिलिग्रॅम आणि ॲड्रेनालिनसह ७ मिलिग्रॅम अशी मर्यादा सहसा पाळतात. औषध रक्तात जास्त गेलं तर तोंडाभोवती झिणझिण्या, जिभेवर धातूची चव, कानात आवाज आणि पुढे झटके येऊ शकतात. पत्रकात ‘ॲलर्जी आहे का?’ एवढंच न विचारता ‘पूर्वी इंजेक्शननंतर नेमकं काय झालं होतं?’ असं विचारा. उत्तर कितीतरी उपयोगाचं येतं.

प्रश्नकर्त्याकडून

मसुदा असा केलाय: ‘ही जागा इंजेक्शनने बधिर केली जाईल. तुम्ही जागे असाल. वेदना होणार नाही, पण दाबल्यासारखं किंवा ओढल्यासारखं जाणवेल. दुखलं तर लगेच सांगा. भूलीचा परिणाम उतरेपर्यंत खाऊ नका, ओठ किंवा गाल चावला जाऊ शकतो.’

प्रतिसाद

‘भूलीचा’ नाही, ‘भुलीचा’. सामान्यरूपात भू ऱ्हस्व होतो, ‘भूलतज्ज्ञ’ या समासात मात्र दीर्घच राहतो. ‘बधिर’मधला धि ऱ्हस्व आहे तो बरोबर. पण वर बधिर केलंत आणि खाली भूल उतरवताय, तेव्हा तिथे ‘बधिरपणा जाईपर्यंत’ करा.