सूडासाठी प्रेमात पडलेली नायिका: तिचं गुपित प्रेक्षकाला कधी सांगायचं?

काकवी

नमस्कार. गेली दोन वर्षं मी एक पटकथा लिहिते आहे. तिसरा खर्डा झालाय, ११८ पानं. अडलेय एकाच ठिकाणी.

आधी गोष्ट सांगते. रेवतीच्या वडिलांचं भोगावतीकाठी गुऱ्हाळ होतं. कोल्हापुरातल्या एका अडत्याने (बाजारातल्या गुळाच्या दलालाने) खोट्या हिशेबावर त्यांना बुडवलं. जमीन गेली आणि ते दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर गुळव्या (रस आटवून गूळ करणारा कारागीर) म्हणून राबत राबत वारले. सात वर्षांनी रेवती आईचं माहेरचं आडनाव लावून त्याच अडत्याच्या पेढीवर हिशेब लिहायला नोकरीला लागते. अडत्याचा मुलगा शंतनू तिच्या प्रेमात पडतो. तिला नेमकं तेच हवं असतं, कारण घरात शिरल्याशिवाय जुन्या वह्यांचं कपाट उघडणार नाही. पुढे तीही त्याच्या प्रेमात पडते. ते मात्र तिने ठरवलेलं नसतं.

ती कोणाची मुलगी आहे हे मी ६१ व्या पानावर, ऐन मध्यंतराला उघड केलंय. तो प्रसंग मला अजूनही आवडतो. शंतनूची आई तिला हिरव्या बांगड्या भरायला बसवते, आणि रेवती मनातल्या मनात वडिलांच्या तेराव्याचा दिवस आठवत असते.

चौघांना वाचायला दिलं. मध्यंतर चौघांनाही आवडलं. पण मावसबहीण म्हणाली, "त्याच्या आधीची साठ पानं वाचताना मी दोनदा चहा करायला उठले. दोन चांगली माणसं दुकानात भेटतात, बोलतात, आवडतात. पुढे काय?" तिचं बरोबर आहे. धक्का द्यायचा म्हणून मी साठ पानं कोरडी ठेवलीत.

गुपित आधीच सांगून टाकलं तर मध्यंतराला काय उरेल? मी व्यापाऱ्यांचे हिशेब लिहून पोट भरते, सिनेमाचं शिक्षण नाही. माझ्या आजोबांचं गुऱ्हाळ होतं, म्हणून ही गोष्ट मला नीट सांगायची आहे.

कात्री_आणि_डिंक

काकवीताई, मी तीस वर्षं संकलन केलं, बहुतेक मालिकांचं, थोडं चित्रपटांचं. तुमचा प्रश्न संकलनाच्या टेबलावर बऱ्याचदा येतो आणि तिथे तो सोडवणं महाग पडतं. तुम्ही कागदावरच विचारताय, हे उत्तम.

हिचकॉकचा 'व्हर्टिगो' (१९५८) या एका निर्णयासाठी पुन्हा बघा. तो ज्या फ्रेंच कादंबरीवर आहे, तिच्यात रहस्य अगदी शेवटी फुटतं. हिचकॉकने ते शेवटचा साधारण अर्धा तास शिल्लक असतानाच फोडलं. नायकाला नव्याने भेटलेली ज्युडी हॉटेलच्या खोलीत एकटी आहे, नायक नुकताच दाराबाहेर पडलाय, आणि आपल्याला सगळं कळतं: नायक जिला मेलेली समजतो ती बाई हीच, आणि ती आत्महत्या म्हणजे रचलेला बनाव. ती कबुलीचं पत्र लिहिते आणि फाडून टाकते. नायकाला काहीच माहीत नाही.

आता पुढचे प्रसंग बघा. तो तिला कपडे बदलायला लावतो, केस रंगवायला लावतो, अंबाडा तसाच घालायला लावतो. गुपित माहीत नसतं तर तो एका झपाटलेल्या माणसाचा हट्ट वाटला असता. माहीत असल्यामुळे आपण त्या मुलीच्या बाजूने बघतो. तिचं त्याच्यावर प्रेम आहे आणि त्याला तिच्यात दुसरीच बाई हवी आहे. ती दुसरी बाई पुन्हा हीच! प्रसंग तेवढाच राहतो, पण गुपित कळल्यामुळे त्याचं वजन दुप्पट होतं.

फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हिचकॉकने टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलंय. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तो टेबलाखाली आहे हे आधीच सांगितलं, तर साध्या गप्पासुद्धा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. तुमची साठ पानं म्हणजे त्या साध्या गप्पा आहेत. तुम्ही बॉम्ब तेवढा लपवून ठेवलात.

माझं मत: दहाव्या पानाच्या आत सांगा. मग बांगड्यांचा प्रसंग आपोआप तापेल. आत्ता तिथे प्रेक्षक फक्त चकित होतो. आधी कळलं असेल, तर पहिली बांगडी चढताना त्याला उठून तिला थांबवावंसं वाटेल.

रात्रपाळी

कात्रीदादांशी अर्धाच सहमत आहे. गुपित म्हणजे एकच गाठोडं नसतं. कोण, काय करतंय आणि का करतंय, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्ही एकाच वेळी उघडायच्या असं कुठे आहे?

आयरा लेविनची 'अ किस बिफोर डाइंग' (१९५३) ही कादंबरी या बाबतीत फार बारकाईने रचलेली आहे. पहिला भाग खुन्याच्या डोक्यात बसून सांगितलाय, पण लेखक त्याला फक्त 'तो' म्हणतो. बेत कळतो, नाव कळत नाही. दुसऱ्या भागात मेलेल्या मुलीची बहीण शोध घ्यायला येते, आणि समोर येणाऱ्या तरुणांपैकी 'तो' कोण हे वाचकालाही ठाऊक नसतं. कागदावर हे जमतं. पडद्यावर चेहरा दिसणारच, तिथे 'तो' म्हणून भागत नाही.

म्हणून 'बाजीगर' (१९९३) मध्ये काय केलंय ते बघण्यासारखं आहे. सांगाडा त्याच कादंबरीचा, पण खुनी कोण हे लपवण्याचा प्रयत्नच सोडून दिलाय. नायक आपल्या प्रेयसीला, सीमाला, इमारतीवरून ढकलतो ते मध्यंतराच्या बऱ्याच आधी आपल्या डोळ्यांसमोर घडतं. पुढे तिची बहीण प्रिया शोध घेते, आणि ज्याला शोधतेय त्याच्याच प्रेमात असते. त्यामुळे प्रत्येक प्रेमप्रसंगात आपल्याला भीती वाटते. कादंबरीतल्या माणसाला श्रीमंत घराण्याचा पैसा हवा असतो. चित्रपटाने त्या जागी सूड आणला. त्या सूडाचं मूळ सुरुवातीला फक्त चाटून जातं, बाप आणि तान्ही बहीण कशी गेली हा पूर्ण हिशेब शेवटाकडे येतो. तोवर आपण त्याला खुनी म्हणून बघितलेलं असतं, आणि तरीही तिथे आपलं मन हलतं. ते हलावं का, हा वेगळा वाद. सीमाने काय केलं होतं, हा प्रश्न माझ्या मनातून आजही जात नाही. सूडकथेत निरपराध माणसाचा बळी गेला, तर त्याची किंमत पुढे कुठेतरी मोजलीच पाहिजे.

काकवी, म्हणून माझं म्हणणं असं. रेवती काहीतरी लपवतेय, रात्री वह्यांचे फोटो काढतेय, हे आठव्या पानावर दाखवा. ती कोणाची मुलगी, हे तिसाव्या पानाच्या आसपास. आणि वडिलांच्या शेवटच्या दिवसाबद्दलची एक गोष्ट, जी रेवतीलाही माहीत नाही, ती मध्यंतराला. म्हणजे मध्यंतराचा धक्का प्रेक्षकाबरोबर तिलाही बसेल. अशी गोष्ट आहे का तुमच्याकडे? नसेल तर आधी ती शोधा.

चुलवाण

मला सिनेमातलं कळत नाही, गुळातलं कळतं. आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. काकवीताई, तुमच्या गोष्टीत एक खोट आहे. 'खोट्या हिशेबावर बुडवलं' एवढ्यानं आमच्याकडं कुणी बुडत नाही.

शेतकरी अडत्याकडून उचल घेतो. ऊस उभा असतानाच घेतो, खताला, गुऱ्हाळाच्या माणसांना, पोरीच्या लग्नाला. उचल घेतली की गूळ त्याच्याच दारात घालायचा, दुसरीकडं दर जास्त असला तरी. सौदा झाला की पट्टी येते, म्हणजे हिशेबाचा कागद. रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, दर काय, मग हमाली, तोलाई, उचलीचा हप्ता आणि व्याज वजा जाऊन हातात काय पडलं ते. माझ्या वडिलांची उचल अकरा वर्षं फिटली नाही. कुणी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही, पण बघायचं कसं ते त्यांना माहीत नव्हतं. पट्टी घडी घालून ट्रंकेत टाकायची, एवढंच.

दुसरं. तुमचा अडत्या वाईट माणूस दाखवू नका. रात्री दोन वाजता दवाखान्याला पैसे लागले तर बँक येत नाही, अडत्या येतो. लग्नात पहिल्या पंगतीला बसतो. वडील शेवटपर्यंत त्याला मालक म्हणायचे. रेवतीच्या वडिलांनी पण म्हटलं असेल. तिला सूड घ्यायचाय तो असल्या माणसावर.

आणि पाडवा घ्या की गोष्टीत. दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात नव्या गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त असतो. रेवती त्या दिवशी कामाला लागू दे.

काकवी

चुलवाणदादा, तुमचं वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. पट्टी! मी वर्षानुवर्षं वह्या लिहिते आणि मला ती सुचली नाही.

काल रात्री सुरुवात पुन्हा मांडली. दिवाळी पाडवा, पेढीवर वहीपूजन, झेंडूचा हार. नवी हिशेबनीस सगळ्यांना पेढे वाटते. रात्री भाड्याच्या खोलीत ट्रंक उघडते, तळातून एक विटलेली पट्टी काढते आणि दुपारी चोरून फोटो काढलेल्या वहीच्या पानाशेजारी ठेवते. नाव एक, तारीख एक, रव्यांचा आकडा एक, वजन मात्र वेगळं. एकही संवाद नाही. हे सातव्या पानावर येतं. गोष्टीला एक हंगामही मिळाला, दिवाळीच्या पाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत. पेढीवर तेवढेच दिवस तिच्या हातात.

रात्रपाळी, रेवतीला माहीत नसलेली गोष्ट सापडली असं वाटतंय. वडील गेल्यावर तिच्या शिक्षणाची फी जो माणूस गुपचूप भरत होता, तो हा अडत्याच. बांगड्या भरताना शंतनूची आई हे सहज बोलून जाते: कुणा गुळव्याच्या पोरीची फी आमच्याकडून जायची. समोर बसलीय तीच ती पोरगी, हे तिला माहीत नाही. त्याने अपराध मानून फी भरली की खरंच जीव होता म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही.

कात्री_आणि_डिंक

ठरवू नका. ते रेवतीला ठरवू द्या. उत्तरार्ध त्यावरच उभा राहील.

एक सूचना मात्र नक्की. शंतनूला बिचारा ठेवू नका. श्रीराम राघवन यांच्या 'एक हसीना थी' (२००४) मध्ये सारिका वर्तकचा सूड पटतो, कारण तिची फसवणूक आणि तुरुंगातले दिवस दिग्दर्शकाने घाई न करता दाखवलेत. उंदरांची तिची भीती आधी पेरलीय, आणि शेवटी तेच उंदीर तिच्या सूडाचं हत्यार होतात. तुमच्याकडे पट्टी आहे. ती एकदा शंतनूच्या हाती पडली पाहिजे, रेवतीच्या नकळत. तोही हिशेबाच्या घरातला आहे, त्याला ती वाचता येते. आणि वाचूनही तो गप्प राहतो. मग दोघंही एकमेकांपासून लपवतायत आणि फक्त प्रेक्षकाला दोन्ही बाजू माहीत आहेत. सत्तराव्या पानानंतर एवढं मिळालं, तर संकलकाला काही वाचवायला लागणार नाही.

रात्रपाळी

पट्टी त्याच्या हाती पडते हे फारच छान. फक्त योगायोगाने पडू देऊ नका. रेवतीच्याच एखाद्या चुकीमुळे, आणि ती चूक प्रेमामुळे झालेली असू दे. घाईने त्याला भेटायला निघते आणि ट्रंकेला कुलूप घालायचं राहतं, असं काहीतरी.

काकवी

ट्रंकेचं कुलूप घेतलं. या रविवारी ६१ ते ७८ पानं पुन्हा लिहिते. रेवतीच्या वडिलांचा गुऱ्हाळावरचा जुना प्रसंगही बदलावा लागेल. तो मी लहानपणीच्या आठवणीवरून लिहिलाय आणि आता पातळ वाटतोय.

चुलवाण

तो लिहायच्या आधी एकदा गुऱ्हाळावर या ताई. पहाटे चारला जाळ लागतो. काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरवायची वेळ झाली हे गुळव्या घड्याळ बघून सांगत नाही, रस पाण्यात टाकून गोळी कशी होते ते बघून सांगतो. तुमच्या रेवतीच्या बापाचे हात कसे हलत असतील ते तिथं दिसेल.