बाळंतविड्याच्या दुपट्याला सूत किती घ्यावं?

टाकेसाखळी:
क्रोशाचं दुपटं करायचंय, ८० बाय ८० सेंमी, वर चारी बाजूंनी ४ सेंमीची किनार. लोकर नको, सुतीच हवं. इचलकरंजीचं पांढरं सूत कोनवर (पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळलेलं) वजनाने मिळतंय, त्यावर २/२० लिहिलंय. चार पदर एकत्र धरून ३ मिमीच्या सुईवर वीण बरी बसते. डिझाइनच्या कागदावर मात्र नुसतं '१०५० यार्ड', ग्रॅमचा पत्ता नाही. कोल्हापुरात महाद्वार रोडला एक दुकानदार पाव किलो म्हणतो, दुसरा अर्धा. उरलं तर चालेल, कमी पडायला नको. दुसऱ्या लॉटचा पांढरा शेजारी आला की लगेच कळतो.

सुतावरून_स्वर्ग:
ताई, आधी यार्डांचा हिशेब. काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा, जितका जास्त तितकं सूत बारीक. २/२० म्हणजे २० काउंटचे दोन पदर पिळलेले, म्हणजे जाडी १० काउंटची. एका काउंटला ग्रॅममागे १.६९ मीटर धरतात, म्हणून या सुताचे ग्रॅमला १६.९ मीटर. तुम्ही असे पिळलेले चार पदर एकत्र धरताय, म्हणजे ग्रॅमला ४.२३ मीटर. १०५० यार्ड म्हणजे ९६० मीटर, भागिले ४.२३, साधारण २२७ ग्रॅम.

पण हे तेव्हाच खरं, जेव्हा डिझाइनमधला धागा तुमच्या चार पदरांइतकाच जाड असेल. तो जाड असेल तर त्याच मापाला तुमचे टाके जास्त पडणार आणि यार्डांचा आकडा उपयोगाचा नाही. म्हणून खरा भरवसा तुकड्यावर. त्याच सुईने, डिझाइनमधल्याच टाक्यांचा १५ बाय १५ सेंमीच्या आसपास चौकोन विणा. खांब (उंच टाका) आणि मुका खांब (बुटका टाका) दोन्ही असतील तर तुकड्यातही त्याच प्रमाणात घ्या, कारण मुक्या खांबाची वीण दाट असते, तेवढ्याच जागेला सूत जास्त खाते.

तुकडा धुवा, वाळवा आणि मगच मोजा. सुती वीण लांबी-रुंदीला ४-४ टक्के आटली तर क्षेत्रफळ जवळजवळ ८ टक्के कमी होतं. न धुता मापलं की सूत नेमकं तेवढंच कमी पडतं, आणि बहुतेकांचं गणित इथंच फसतं.

समजा धुतलेला तुकडा १५ बाय १५ भरला, म्हणजे २२५ चौसेंमी, वजन ६.३ ग्रॅम. चौसेंमीला ०.०२८ ग्रॅम. किनारीसकट दुपटं ८८ बाय ८८, म्हणजे ७७४४ चौसेंमी. गुणा, २१७ ग्रॅम येतं. गाठी, उसवणं आणि लपवायची टोकं यांना १० टक्के धरा: २३९. पाव किलो घ्या. अर्धा किलो कशाला ओ, त्यात दुसरं दुपटं होईल.

गुजरीचा_काटा:
वरचं बरोबर, पण वजन कशावर करताय ते बघा. स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमनेच सरकतो. ६ ग्रॅमच्या तुकड्यात अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे ८ टक्के, वरची १० टक्के सोय बहुतेक त्यातच गेली. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, नाहीतर गुजरीत ओळखीच्या सराफाकडून तुकडा तोलून आणा. तेही जमत नसेल तर तुकडा मोठा करा, ३० बाय ३०. वाया काही जात नाही, नंतर उसवून वापरता येतो.

आणि पावसाळ्यात कापूस हवेतला ओलावा धरतो. धुतलेला तुकडा हाताला कोरडा लागला तरी एक दिवस कोनशेजारीच ठेवा, मग दोन्हींचा ओलावा सारखा होतो. कोन पाव किलोचा सांगितला तर त्यात पुठ्ठ्याचं वजन धरलंय का ते विचारा. दुकानात रिकामा कोन पडलेलाच असतो, तोलून वजा करायला लावा.

टाकेसाखळी:
कोन एकच मिळणार. चार पदर काढायचे कसे? आणि याच सुताचा गोल रुमाल, ९० सेंमी व्यासाचा, अर्धा झालाय. त्याला अजून किती लागेल?

सुतावरून_स्वर्ग:
कोनवरून सारख्या वजनाचे चार गोळे करा, साठ-साठ ग्रॅमचे, आणि चार वाट्यांत ठेवून एकदम ओढा. गोळे लहानमोठे झाले की एक आधी संपतो आणि मधेच गाठ येते. एखादा पदर सैल सुटला तर वर फास दिसतो, तेव्हा दोनतीन ओळींनी चारही सारखे ओढून घ्या.

गोलाला 'अर्धा झालाय' म्हणू नका, त्रिज्या सांगा. तुमची पूर्ण त्रिज्या ४५. आता २२.५ वर असाल तर सूत फक्त पाव भाग गेलंय. ३० वर असाल तर ३० भागिले ४५, त्याचा वर्ग, म्हणजे ४४ टक्के. आत्ताचा रुमाल तोला. ३० च्या त्रिज्येला ७० ग्रॅम भरला तर पूर्ण रुमाल १५८ ग्रॅम, म्हणजे अजून ८८. कडेच्या फेऱ्या जाळीदार असतील तर थोडं कमी, शिंपले (पंख्यासारखे टाक्यांचे झुपके) किंवा फुगीर बोंडं असतील तर बरंच जास्त. तशी कड असेल तर एका शिंपल्याचं वजन काढून शिंपल्यांच्या संख्येने गुणा, क्षेत्रफळावर जाऊ नका.

गुजरीचा_काटा:
दुपट्याची किनार निदान एक बाजू होईपर्यंत उरलेलं सूत रुमालाला लावू नका. एका बाजूला गेलेलं वजन गुणिले चार, वर कोपऱ्यांना थोडं. तेवढं बाजूला ठेवून मग रुमाल उचला.